घोषणा आणि नोंद : औसा परिसरातील सुधारणांच्या ओसरत्या गतीविषयी

१

राजकीय परिवर्तन घडते, पण त्याच्या मागोमाग अपेक्षिलेली सामाजिक प्रगती काही काळाने अडखळते, मंदावते आणि शेवटी केवळ स्मरणोत्सवाचा विषय होऊन राहते, असा अनुभव आधुनिक भारताच्या इतिहासात वारंवार येतो. या अनुभवाची जी स्पष्टीकरणे आपल्याकडे रूढ आहेत ती प्रामुख्याने तीन प्रकारची आहेत. पहिले नैतिक स्वरूपाचे : नेतृत्व भ्रष्ट झाले, ध्येयवाद आटला. दुसरे वर्गीय स्वरूपाचे : ज्यांच्या हाती सत्ता आली त्यांचे हितसंबंध सुधारणेच्या विरोधात होते. तिसरे समाजशास्त्रीय : प्रत्येक चळवळ कालांतराने संस्था बनते आणि मॅक्स वेबरने दाखविल्याप्रमाणे करिष्म्याचे रूपांतर नित्यक्रमात होते. या तिन्ही स्पष्टीकरणांत तथ्य आहे. परंतु गती नेमकी कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या व्यवहारात हरवते, हे त्यांपैकी एकही सांगत नाही. शिवाय तिघांचेही एक गृहीत समान आहे. सुधारणा म्हणजे एक साठवलेली ऊर्जा असून ती वापरता वापरता संपते, असे ती मानतात.

महाराष्ट्रात या प्रश्नाची चर्चा बहुधा ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ या वादाच्या चौकटीत झाली. १८८७ साली स्थापन झालेली सामाजिक परिषद राष्ट्रीय सभेच्या मंडपातच भरत असे. १८९५ च्या पुणे अधिवेशनात त्या मंडपाचे दार तिला बंद झाले. या प्रसंगाचा अर्थ न्या. रानडे यांच्या अनुयायांनी एक लावला, टिळकपक्षाने दुसरा. आणि चार दशकांनी डॉ. आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरील आपल्या न झालेल्या भाषणात तिसरा. मात्र या वादात ‘राजकीय’ आणि ‘सामाजिक’ हे दोन स्वतंत्र प्रांत आहेत, हे सर्वांनीच धरून चालले होते. प्रस्तुत लेखात वेगळी विभागणी सुचवावयाची आहे. काही बदल घोषणेने पूर्ण होतात; काही बदल नोंदीवाचून पूर्ण होत नाहीत. राज्याचे नाव, सीमा, ध्वज, विद्यापीठाचे नाव हे पहिल्या प्रकारात येतात. जमीन कोणाची, ती कोण कसतो, घरावर हक्क कोणाचा हे दुसऱ्या प्रकारात. घोषणा आणि नोंद या दोन निरनिराळ्या संहिता आहेत. त्यांचे लेखक वेगळे, वाचक वेगळे आणि काळाशी असलेले नातेही वेगळे. सुधारणेची गती या दोन संहितांमधील अंतरात हरवते, असे माझे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाच्या परीक्षणासाठी औसा हा तालुका निवडण्याचे कारण त्याचे असामान्यत्व नव्हे. लातूरहून तुळजापूर-सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, भुईकोट किल्ल्यासाठी आणि नाथ संस्थानाच्या वारकरी परंपरेसाठी ओळखले जाणारे हे गाव. त्याच्या प्रशासकीय पत्त्याचा इतिहास मात्र बोलका आहे. १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९५६ साली ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात, १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून नव्या लातूर जिल्ह्यात. एका मनुष्याच्या हयातीत चार पत्ते बदलले. हे सर्व बदल त्या त्या दिवशी पूर्ण झाले आणि त्यांपैकी एकही मागे गेला नाही. याच काळात येथील शेतजमिनीच्या संबंधांत जे बदल जाहीर झाले त्यांची कथा निराळी आहे.

२

प्रथम घोषणेच्या संहितेकडे वळू. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे मराठी कथन आज एका निश्चित आकारात आपल्यासमोर आहे. १९२१ साली हिप्परग्यास निघालेली राष्ट्रीय शाळा, १९३७ चे परतूरचे आणि १९३८ चे लातूरचे महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन, १९३८ चा सत्याग्रह, स्टेट काँग्रेसवरील बंदी, १९४७ नंतरचा सशस्त्र प्रतिकार, सरहद्दीवरील कॅम्प, रझाकारांचे अत्याचार आणि शेवटी १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई, असा त्याचा क्रम आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील होता, ही गोष्ट या कथनाला औसा-लातूर परिसरात विशेष धार देते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या इंग्रजी आठवणी, अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ आणि असंख्य स्थानिक चरित्रे यांनी हे कथन सिद्ध केले. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मराठवाड्याला आधुनिक राजकीय आत्मभान या कथनानेच दिले.

परंतु त्याचा कथानकबंध तपासला पाहिजे. इतिहासलेखनही रोमान्स, शोकात्मिका, सुखात्मिका, उपरोधिका यांपैकी एखाद्या साहित्यप्रकाराची घडण स्वीकारते, असे हेडन व्हाइट यांनी दाखविले. मुक्तिलढ्याचे कथन उघडच रोमान्सच्या घडणीचे आहे : नायक, संकट, अरण्यवास, अंतिम विजय. अशा घडणीला शेवट लागतो. फ्रँक कर्मोड यांच्या विवेचनाचा आधार घेऊन असे म्हणता येईल की, आधीच्या साऱ्या घटनांना अर्थ प्राप्त व्हावा म्हणून शेवटाची गरज असते. १७ सप्टेंबर ही तारीख तो शेवट पुरविते. पण शेवट आला की निवेदक थांबतो. १८ सप्टेंबरला जे सुरू झाले त्याला या कथनात निवेदकच उरला नाही.

याचे दोन परिणाम झाले. पोलीस कारवाईच्या वेळी आणि तिच्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाडा व कर्नाटक भागात मुस्लिम नागरिकांच्या मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने बळींचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि सर्वांत पीडित अशा चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश केला. औसा तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार आणि नंतरचा सूड या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाच्या आहेत. परंतु पहिली गोष्ट कथानकाच्या आत राहिली आणि दुसरी बाहेर, कारण ती शेवटानंतर घडली होती. दुसरा परिणाम अधिक दूरगामी आहे. लढ्याच्या अखेरच्या टप्प्यात करोडगिरी नाक्यांवरील हल्ले, शिंदीच्या झाडांची तोड आणि पटवाऱ्यांची दप्तरे जाळणे हे कार्यक्रम हाती घेण्यात आले होते. दप्तर जाळण्याची कृती कथनात येते. जळलेल्या दप्तराच्या जागी नवे दप्तर कोणी लिहिले आणि काय लिहिले, हे येत नाही.

नरहर कुरुंदकरांनी या विषयावरील आपल्या लेखनाला दिलेले ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ हे शीर्षक या संदर्भात महत्त्वाचे वाटते. राज्य मुक्त होणे ही एक घटना आणि राज्य १९५६ साली विसर्जित होणे ही दुसरी. दोन्ही मिळून एक प्रक्रिया होते, असे त्यातून सूचित होते. कुरुंदकरांनी शेवटाची तारीख आठ वर्षांनी पुढे नेली. तरीही विमोचन आणि विसर्जन या दोन्ही क्रिया राज्याच्या आहेत. गावातल्या जमिनीच्या नाहीत.

३

नोंदीच्या संहितेचा आरंभ १९४९ मध्ये होतो. हैदराबाद संस्थानातील जमीन ढोबळमानाने तीन प्रकारची होती : सरकारला थेट सारा देणारी दिवाणी, निजामाच्या खासगी मालकीची सर्फ-ए-खास आणि जहागिरी. एकूण क्षेत्रापैकी सुमारे तीस टक्के जहागिरींखाली होते. १९४९ साली सर्फ-ए-खास सरकारात विलीन झाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जहागिरी खालसा झाल्या. लष्करी राजवटीच्या काळात, एका हुकुमाने, जवळजवळ विनाविरोध झालेली ही सुधारणा भारतातील अत्यंत वेगवान जमीनसुधारणांपैकी एक ठरते. तिचा वेग समजण्याजोगा आहे. जहागिरदार हा सरकार आणि गाव यांच्यामधला दुवा होता. तो दूर करण्यासाठी गावातील कोणाचेही नाव खोडावे लागले नाही. सारा भरणारा पट्टेदार पूर्वी जहागिरीच्या कचेरीत भरत होता, आता तहसिलीत भरू लागला. ही सुधारणा घोषणेच्या जातीची होती.

१९५० च्या जूनमध्ये अंमलात आलेला हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम मात्र दुसऱ्या जातीचा होता. त्याच्यामागे दोन प्रेरणा होत्या. १९४५ च्या असामी शिकमी कायद्याचा फोल ठरलेला अनुभव ही एक, आणि तेलंगणातील सशस्त्र शेतकरी उठावाचे दडपण ही दुसरी. विशिष्ट कालखंडात सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ हा दर्जा या कायद्याने दिला. त्याला बेदखल करण्यावर बंधने घातली आणि जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. कागदावर पाहता हा त्या काळातील पुरोगामी कायद्यांपैकी एक होता. परंतु ‘संरक्षित कूळ’ ही व्यक्ती कायद्याने निर्माण होत नव्हती; ती नोंदपत्रकात नाव लागल्याने निर्माण होत होती. सहा वर्षे जमीन कसल्याचा पुरावा काय? बटईचा करार तोंडी असे. धान्याच्या वाट्याची पावती नसे. साक्ष द्यावयाची ती गावातील इतरांनी, आणि लिहून घ्यावयाचे ते पटवाऱ्याने. हक्क दिल्लीच्या आणि हैदराबादच्या भाषेत लिहिला गेला होता. त्याचा पुरावा मात्र गावाच्या भाषेत, गावातील सत्तेच्या उपस्थितीत द्यावयाचा होता.

पुढे काय झाले, याविषयी आपल्याजवळ एक असाधारण साधन आहे. अर्थतज्ज्ञ अली मोहम्मद खुस्रो यांनी हैदराबादमधील जहागिरदारी निर्मूलन व जमीनसुधारणा यांच्या परिणामांची जी पाहणी केली, ती १९५८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १९५१ साली संरक्षित कूळ म्हणून नोंदल्या गेलेल्यांपैकी तीन-चार वर्षांत तो दर्जा टिकवून राहिलेल्यांचे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते. सुमारे १२ टक्के कुळांनी जमीन विकत घेतली. अडीच टक्क्यांच्या आसपास कुळे कायदेशीर मार्गाने निघाली. सुमारे २२ टक्के बेकायदा बेदखल झाली आणि सुमारे साडेसतरा टक्के कुळांनी ‘स्वेच्छेने’ जमीन सोडली. हे प्रमाण संपूर्ण हैदराबाद राज्याचे आहे, औशापुरते नव्हे. पण औसा ज्या यंत्रणेत होते ती हीच.

साहित्याच्या अभ्यासकाने या आकड्यांपेक्षा त्यांतील वर्गवारीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. ‘बेकायदा बेदखल’ या शब्दांत निदान एक कर्ता गृहीत आहे. कोणीतरी कोणाला तरी काढून लावले. ‘स्वेच्छेने सोडली’ या वाक्यात कूळच कर्ता होते. ज्याच्या बाबतीत कृती घडली, तोच व्याकरणाने कृतीचा धनी ठरतो. नव्याने मिळालेला कायदेशीर हक्क शेकडा सतरा-अठरा कुळे दोन-तीन वर्षांत आपखुशीने परत देतात, हे विधान कोणाही समजस वाचकाला अविश्वसनीय वाटेल. पण दप्तराच्या दृष्टीने ते पूर्ण आणि निर्दोष आहे : अंगठा आहे, साक्षीदार आहेत, तारीख आहे. सावकारी कर्ज, सालगड्याचे काम, गावातले पाणवठे आणि वाटा, पुढच्या हंगामाचे बी या सर्वांसाठी ज्या घरावर अवलंबून राहावयाचे त्याच घराविरुद्ध हक्क सांगणे म्हणजे काय, हे त्या अंगठ्याच्या ठशात लिहिलेले नसते. १९५४ च्या दुरुस्तीने जमीनधारकाला स्वतः कसण्यासाठी मर्यादित क्षेत्र परत घेण्याची मुभा दिली तेव्हा ‘स्वतः कसणे’ या शब्दप्रयोगानेही असेच काम केले. मजुराकरवी केलेली शेती ‘स्वतः’ या सर्वनामात सामावली गेली.

येथे सुधारणेचा पराभव झाला असे म्हणता येत नाही, आणि ती फसली असेही नाही. पंचेचाळीस टक्के कुळे टिकली, बारा टक्के मालक झाली. १९४८ पूर्वी हे कल्पनेतही नव्हते. तिचा वेग मात्र ओसरला. तो विधिमंडळात ओसरला नाही. चावडीवर, एकेका नोंदीपाशी, कोणताही ठराव न होता तो ओसरत गेला. म्हणूनच त्याची तारीख सांगता येत नाही, आणि तारीख नसलेल्या गोष्टीला आपल्या इतिहासकथनात जागा मिळत नाही.

४

हीच वर्षे मराठवाड्याच्या राजकीय ऊर्जेने दुसरीकडे वळण्याची होती. सप्टेंबर १९५३ मध्ये नागपूर करार झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र अस्तित्वात आला. मराठी भाषकांच्या एकत्र येण्याची आकांक्षा न्याय्य होती. तिच्यासाठी स्वामी रामानंद तीर्थांसारख्यांनी केलेला आग्रहही तितकाच न्याय्य होता. परंतु नेमकी कुळांच्या नोंदींची वर्षे आणि राज्यपुनर्रचनेच्या चळवळीची वर्षे एकच होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या कार्यकर्त्यांनी गावोगावी जाऊन नोंदीपाशी उभे राहावयाचे, ते नव्या घोषणेच्या कामात गुंतले. घोषणेचे कार्य दृश्य असते. त्यात सभा, ठराव, अंतिम तारीख असते. तुलनेने नोंदीचे काम कंटाळवाणे, एकाकी आणि गावात शत्रू निर्माण करणारे असते. तेलंगणात कुळांच्या बाजूने दडपण ठेवणारी संघटना १९५१ पर्यंत तरी होती. मराठवाड्यात त्या तोडीची संघटना नव्हती. पोचमपल्लीत एप्रिल १९५१ मध्ये सुरू झालेल्या भूदानाने जमिनीचा प्रश्न हक्काकडून दानाकडे नेला, हाही या विचलनाचाच एक भाग म्हणावा लागेल.

महाराष्ट्रात आल्यानंतर मराठवाड्याच्या तक्रारीला ‘अनुशेष’ हा नवा शब्द मिळाला. १९७४ चे विकास आंदोलन, १९८४ चा दांडेकर समितीचा ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक अनुशेष मोजणारा अहवाल, १९९४ साली घटनेच्या ३७१(२) या अनुच्छेदानुसार आलेली विकास मंडळे आणि २०२० च्या एप्रिलअखेर संपलेली त्यांची मुदत, असा त्याचा प्रवास आहे. अनुशेषाची मागणी खोटी नव्हती. पण या शब्दाचे एकक ‘प्रदेश’ हे आहे. प्रदेश मागास आहे असे म्हटले की प्रदेशातील पट्टेदार आणि बेदखल कूळ एकाच दुःखाचे वाटेकरी ठरतात. मुक्तिकथनात ‘जनता’ हा शब्द जे कार्य करीत होता तेच येथे ‘मराठवाडा’ हा शब्द करू लागला.

या एकवचनाची मर्यादा १९७८ साली उघडी पडली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय काढून मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाचा पाया घालणाऱ्याचे नाव विद्यापीठाला द्यावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. ठरावानंतर खेड्यापाड्यांत दलित वस्त्या जाळण्यात आल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. मुक्तिलढ्यातील गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे अग्रणी या प्रश्नात नामांतराच्या विरोधी बाजूस होते. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, साडेपंधरा वर्षांनी. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ सुरू झाले. आज औशाची महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी संलग्न आहेत.

वरवर पाहता हे उदाहरण प्रस्तुत प्रतिपादनाला छेद देते. नाव बदलणे हे तर शुद्ध घोषणेचे काम. मग त्याला इतका विलंब का? उत्तर हिंसेच्या भूगोलात आहे. विद्यापीठ औरंगाबादेत होते. घरे मात्र त्याच्यापासून शेकडो किलोमीटरवरील खेड्यांत जाळली गेली. त्या खेड्यांत प्रश्न विद्यापीठाचा नव्हताच. गायरान कसणे, गावकीची कामे नाकारणे, मुले शिकविणे या रूपाने जी नोंद वीस-पंचवीस वर्षे बदलू पाहत होती तिला दिलेले ते उत्तर होते. नामांतराच्या घोषणेत गावाने नोंदीतील बदलाची भीती वाचली. म्हणून घोषणाही नोंदीइतकीच संथ झाली.

या काळाची दुसरी बाजू कोठे लिहिली गेली असेल, तर ती इतिहासग्रंथांपेक्षा कथात्म आणि आत्मपर लेखनात. लातूरजवळच्या काटगावात जन्मलेल्या रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) ही कादंबरी गंगाराम शिंप्याच्या संसाराची वाताहत त्याच्या पत्नीच्या निवेदनातून सांगते. गावात नवे येते, जुना धंदा मोडतो, आणि ज्याच्यावर हे सारे कोसळते त्याला त्याचा कर्ता दाखविता येत नाही. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) या आत्मकथनाचा कालबंध भूक, नातेवाइकांची घरे आणि शाळा यांनी ठरतो, राजकीय तारखांनी नव्हे. मुक्तिकथनाने ज्या ठिकाणी लेखणी ठेवली तेथून या कृती सुरू होतात. त्यांना ‘ग्रामीण’ आणि ‘दलित’ अशा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्यामुळे त्या एकाच ओसरत्या सुधारणेच्या साक्षी आहेत, हे आपल्या समीक्षेच्या पुरेसे ध्यानात आले नाही.

५

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे औसा तालुक्यातील किल्लारी आणि शेजारच्या उमरगा तालुक्यातील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत साडेसात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदांचा भार यांनी झोपेतल्या माणसांचे प्राण घेतले. त्यानंतरचे पुनर्वसन हा जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेला, त्या काळी देशात अपूर्व ठरलेला कार्यक्रम होता. ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. याखेरीज सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती-मजबुतीचे काम झाले. त्यात गावागावांतील स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून भाग घेतला. आपत्तीने सारे समान केले होते. नवे गाव कोऱ्या कागदावर आखावयाचे होते. सुधारणेला इतकी मोकळी जागा आधुनिक मराठवाड्यात पूर्वी कधी मिळाली नव्हती.

घर कोणाला केवढे द्यावयाचे, हे ठरविण्याची वेळ आली तेव्हा निकष धारण केलेल्या जमिनीचा लावण्यात आला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि सात हेक्टरांहून अधिक असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. या निकषाला व्यावहारिक समर्थन होते. मोठ्या शेतकऱ्याला धान्य, अवजारे, जनावरे यांसाठी अधिक जागा लागते. ज्यांना पूर्वी धड निवाराही नव्हता अशा अनेकांना पक्के घर मिळाले, हेही खरे. परंतु निकषाची संहिता कोणती होती? सातबारा. म्हणजे चार दशकांपूर्वी चावडीवर जे लिहिले गेले किंवा लिहिले गेले नाही, ते आता चौरस फुटांत उतरले. १९५० च्या दशकात ज्या बापाचे नाव संरक्षित कुळाच्या नोंदपत्रकावर टिकले असेल त्याच्या मुलाचे घर, आणि ज्या बापाने ‘स्वेच्छेने’ अंगठा दिला असेल त्याच्या मुलाचे घर, यांच्या आकारांत फरक पडणे या रचनेत अटळ होते.

सुधारणेची गती ओसरणे म्हणजे काय, हे येथे सर्वाधिक स्पष्टपणे दिसते. एक सुधारणा अर्धवट नोंदली गेली म्हणजे तिचे काम केवळ तेथे थांबत नाही. ती अपुरी नोंद पुढच्या प्रत्येक सुधारणेचा आधारभूत दस्तऐवज बनते. पीककर्ज, नुकसानभरपाई, सिंचन, पुनर्वसन या प्रत्येक नव्या योजनेला कोणाला काय द्यावयाचे हे ठरविण्यासाठी जुन्या नोंदीकडेच जावे लागते. नव्या घोषणेची भाषा समतेची असते, तिची परिशिष्टे मात्र जुन्या विषमतेतून भरली जातात. यासाठी कोणी कारस्थान करावे लागत नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याने नियमानुसार काम केले तरी पुरे होते.

६

याचा अर्थ नोंद ही सदैव सुधारणेची वैरीण आहे, असा नाही. मराठवाड्याच्याच इतिहासात याच्या उलट जाणारे एक उदाहरण आहे. भूमिहीन दलितांनी गायरान जमिनी कसावयास घेतल्या, त्यांसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह झाले. सरकार त्यांना अतिक्रमक ठरवून दंड करी. पुढे संघटनांनी आणि स्वतः कसणाऱ्यांनी हे ओळखले की दंडाची पावती हाच वहिवाटीचा पुरावा आहे. त्यांनी पावत्या जपल्या आणि अतिक्रमणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना एक-ई मध्ये, आपले नाव घालावे असा आग्रह धरला. ज्या नोंदीचा हेतू त्यांना गुन्हेगार ठरविण्याचा होता, तिचे वाचन त्यांनी हक्काचा दस्तऐवज म्हणून केले. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. त्याची अंमलबजावणी अपुरी राहिली. सार्वजनिक जमिनींविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिलेल्या निर्णयानंतर ही वाट अधिकच अरुंद झाली. परंतु पावती जपणाऱ्या शेतमजुराची ही कृती संहितेच्या प्रतिवाचनाचे जे उदाहरण देते, त्याच्या तोडीचे उदाहरण आपल्या समीक्षाग्रंथांत क्वचित सापडेल.

कुळांच्या प्रकरणात आणि गायरानाच्या प्रकरणात फरक कोणता होता? पहिल्यात हक्क वरून आला. तो नोंदविण्याचे काम ज्यांच्याविरुद्ध हक्क होता त्यांच्याच वर्तुळात राहिले, आणि नोंद वाचण्याची संधी कुळाला मिळाली नाही. दुसऱ्यात हक्क नव्हताच. पण नोंद वाचणारे, तिच्यावर भांडणारे, ती जपणारे लोक होते. पहिल्याची गती वेगाने सुरू होऊन ओसरली. दुसऱ्याची गती अत्यंत मंद होती, तरी ती तीन दशके टिकली. तेव्हा सुधारणेची गती टिकणे हे मूळ घोषणेच्या तीव्रतेवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते नोंदीला वाचक लाभतात की नाही, यावर असते, असा निष्कर्ष काढावा लागतो. आपल्या महसूल व्यवस्थेत चावडीवाचनाची पद्धत आहे. गावाच्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचाव्यात, ज्याची हरकत असेल त्याने ती तेथेच सांगावी, हा तिचा हेतू. सातबाऱ्याच्या संगणकीकरणाच्या वेळी तिला पुन्हा उजाळा मिळाला. ती जेथे उपचार म्हणून उरकली जाते तेथे काहीच घडत नाही. जेथे ऐकणारे प्रश्न विचारतात तेथे नोंद बदलते.

या निष्कर्षाचा एक परिणाम आपल्या अभ्यासक्षेत्रावरही होतो. गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेने संहितेची व्याप्ती विस्तारली; लोकगीत, जाहिरात, चित्रपट, आत्मकथन यांचे वाचन आपण करू लागलो. फेरफार नोंदवही, पहाणी पत्रक आणि बेदखलीचे जबाब मात्र अजून अर्थशास्त्राच्या आणि वकिलांच्या ताब्यात आहेत. त्यांतही निवेदक असतो, वगळलेली पात्रे असतात, कर्ता लपविणारी वाक्यरचना असते. हैदराबादच्या मुक्तीचे कथन या दस्तऐवजांच्या शेजारी ठेवून वाचले, तर त्या कथनातील त्यागाचे मोल कमी होणार नाही. ते सप्टेंबर १९४८ मध्ये संपले नव्हते, एवढे मात्र दिसेल. आणि ते कोणत्या पानावर, कोणाच्या हस्ताक्षरात थांबले, याचा शोध घेता येईल. औशाच्या तहसिलीत आणि तिच्यासारख्या मराठवाड्यातील इतर तहसिलींत १९५० च्या दशकातील जी दप्तरे शिल्लक असतील, ती जीर्ण होण्यापूर्वी वाचली जाणे आवश्यक आहे. हे काम इतिहासकारांनी करावे, हे खरेच; पण ‘स्वेच्छेने’ या एका शब्दाचा अर्थ लावण्यासाठी साहित्याच्या अभ्यासकालाही तेथे बसावे लागेल.